चौकटीला खालची रेघ नव्हती

माझे जावई पानं लावतात. पूर्वी कागदावरची लावायचे, आता फोनमधली लावतात. मधली दोन वर्षं कुठलीच लावली नाहीत, आणि त्या दोन वर्षांत घरातलं काहीच धड जागेवर नव्हतं.

आमची ओळख सासू-जावई होण्याच्या आधीची. एकाच छापखान्यात होतो आम्ही. मी तळमजल्यावर बाइंडिंगला, ते वरच्या मजल्यावर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला. छापलेले मोठाले ताव खाली यायचे, आम्ही बायका त्यांच्या घड्या घालायचो. दर घडीवर हाडाची पट्टी फिरवायची, की सोळा पानं आपापल्या नंबरानं गुपचूप बसायची. सव्वीस वर्षं मी हेच केलं. वाचता नाही आलं तरी चालायचं त्या कामाला. मालक तर म्हणायचे, वाचणारी बाई घडीला हळू, गोष्ट सापडली की हात थांबतो. मी चौथी शिकलेली, म्हणजे त्यांच्या मते जराशी जास्तच. पण नजर पक्की होती. ताव हातात आला की अक्षरं बघायची नाहीत, रेघा बघायच्या. चारी कडांची पांढरी जागा सारखी आहे का, चौकट पुरी आहे का. मी ‘ठीक’ म्हटलेला गठ्ठा कुणी दुसऱ्यांदा पाहिला नाही. जावयांनीही नाही. पुढे घोटाळा झाला तो यामुळेच.

जावई तेव्हा विशीतले. हात शिशानं काळे, बोलणं कमी. एकदा त्यांनी चालू मशीन थांबवायला लावलं. एका पानाची तळाची ओळ नखभर खाली बसली होती.

मालक म्हणाले, “अरे, कुणाला दिसणार आहे ते?”

जावई म्हणाले, “मला दिसलंय ना.”

मालकांनी कपाळाला हात लावला, पण मशीन थांबलं. त्या संध्याकाळी मी लेकीला सांगितलं, आमच्याकडे असा असा एक मुलगा आहे. ज्याला नखभर वाकडं सोसत नाही त्याच्याबरोबर संसार करणं कटकटीचं, पण फसवणुकीचं नाही. लेक म्हणाली, “कटकट तुला कुठे सोसायचीय.” तरी तिनं पाहिलं त्यांना, आणि हो म्हणाली. आता कधी कुरकुरली की मी फक्त भुवया उचलते.

पुढे शिसं गेलं, कॉम्प्युटर आले. जावई त्यावर पानं लावायला शिकले. मग छापखानाच मिटला. तोवर मी म्हातारी होऊन लेकीकडे राहायला आलेली, म्हणजे आम्ही दोघं पुन्हा एका छपराखाली, फक्त काम नव्हतं. पन्नाशीला ते एका क्लासला जाऊ लागले. फोनवर उघडणारी पानं कशी बनवायची त्याचा क्लास. वर्गात सगळी कोवळी पोरं, यांना काका म्हणायची. पहिल्याच दिवशी घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच.

“आई, कागद कसा, जिथे ठेवाल तिथे राहतो. हे पान पाण्यासारखं आहे. ज्याच्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतं.”

मी म्हटलं, “मग गोठवा की.”

ते हसले. पण मला वाटतं, मनात कुठेतरी तेच धरून बसले.

पहिलं मोठं काम मिळालं ते डोळ्यांच्या दवाखान्याचं, आणि तेही माझ्यामुळे. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तिथेच झालं. तिथला सगळा कारभार एक मोठी सिस्टर बघते. अंगानं भरलेली, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. माझ्या डोळ्यात औषध घालता घालता तिनं विचारलं, जावई काय करतात. मी सांगितलं, पानं लावतात. ती म्हणाली, आम्हाला एक पान हवंच आहे. लोकांनी घरूनच फोनवर दिवस आणि वेळ निवडायची, म्हणजे इथे दारात रांग नको, दिवसभर फोनची घंटा नको. मी म्हटलं, माझे जावई करून देतील. डोळ्याला पट्टी असताना माणूस असा उदार होतो.

सिस्टरनं महिन्याची मुदत दिली. महिनाभर लोकांनी ते पान वापरायचं. जमलं, तर दवाखान्याची पुढची सगळी पानं जावयांनीच करायची, कायमची. नाही जमलं, तर एका कंपनीचं तयार पान मिळत होतं, ते घेणार.

इकडे जावयांच्या थोरल्या भावानं त्यांच्यासाठी आपल्या गोदामात जागा धरून ठेवली होती. आठ तासांच्या प्रवासावर ते गाव. माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, रचायचा. राहणं तिथेच, दोन महिन्यांतून एकदा घरी. भाऊ म्हणाला होता, एक तारखेपर्यंत थांबतो. जावयांनी कुणाला न सांगता एक बॅग भरून कपाटावर ठेवली. दोन शर्ट, एक पँट, दाढीचं सामान. लेकीनं ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. मीही तसंच. घरात तीन माणसं, आणि कपाटाकडे कुणीच बघत नव्हतं.

पान तयार झालं त्या दिवशी मी गुपचूप एक उद्योग केला. माझा डावा डोळा व्हायचा होता. म्हटलं, या पानावर पहिली वेळ आपणच घ्यायची, जावयांना बोलायचं नाही, यादीत सासूचं नाव दिसलं की होतील चकित. एकेक अक्षर बोटानं दाबत नाव लिहिलं, पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार निवडला, सकाळची साडेदहाची वेळ निवडली. ती वेळ हिरवी झाली. मी फोन मिटला. इतकं सोपं. मनात म्हटलं, शाब्बास जावईबापू.

दहा दिवसांत सिस्टरचा फोन आला. लोक येतात, छाती ठोकून सांगतात आम्ही वेळ घेतली होती, आणि यादीत नावच नसतं. दारात रांग होती ती होतीच, वर आता भांडणं. एका पेशंटच्या मुलानं फोनवरच्या पानाचा फोटो काढून पाठवला होता. अर्ध्या फोटोत फोन आणि अर्ध्यात त्याचा अंगठा. त्यावरून जावयांना एवढं कळलं, की काही फोनवर पानाचा तळ कापला जातो. पण कुठल्या फोनवर, आणि का? त्यांच्या स्वतःच्या फोनवर तळ दिसत होता. लेकीच्या फोनवर दिसत होता. शेजारच्या मास्तरांचा फोन मागून आणला, त्यातही दिसत होता. जे दुखणं वैद्याला दिसतच नाही त्याला औषध काय देणार?

तेव्हा त्यांनी इंटरनेटवरच्या एका कट्ट्यावर प्रश्न टाकला. असली पानं करणारे जगभरचे लोक तिथे जमतात म्हणे, एकमेकांच्या अडचणी सोडवतात. खरं नाव कुणाचंच नाही, सगळी टोपणनावं. लेक एका शाळेच्या ऑफिसात काम करते, संध्याकाळी घरी आली की चहा घेता घेता मला ती उत्तरं वाचून दाखवायची. जावई आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसायचे.

यांनी प्रश्न लिहिला तो छापखान्यातल्या वळणानं. वर ‘सन्माननीय सभासदांस सप्रेम नमस्कार’, खाली ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल आगाऊ आभार’. पाच मिनिटांत ‘काटेकोर’ नावाच्या एका इसमानं दोन्ही कापून टाकलं. खाली शेरा, इथे नमस्कार आणि आभार लिहू नयेत, वाचणाऱ्याचा वेळ जातो.

“वेळ जातो म्हणून नमस्कार कापायला वेळ आहे,” मी म्हटलं.

“तोच तिथला मुकादम आहे,” लेक म्हणाली. “पुढे ऐक. म्हणतो, हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे.”

“मग उत्तर मिळालं असेल.”

“जुना प्रश्न उघडला. आठ वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच कशाबद्दल. त्याला कुलूप.”

दुसऱ्या दिवशी ‘शहाणा एकोणीस’ आला. त्याचं म्हणणं, हल्ली पान हातानं लिहितंच कोण, तयार साचे मिळतात. त्यावर तिसरा खवळला, की साचेवाल्यांनीच सगळ्या जगाची वाट लावली. मग चौथा. मापं ठरलेली द्यावीत का पडद्याच्या प्रमाणात द्यावीत, यावर दोघांची अशी जुंपली की एकतीस उत्तरं झाली, आणि त्या एकतिसांत दवाखाना, पेशंट, कापलेला तळ, कशाचंही नाव नाही. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकलं होतं. इथे उंट जो तो आपापला घेऊन आलेला, आणि शेळी बिचारी एकच, आमची.

लेक म्हणाली, “यांच्या दारात जाऊन घराला आग लागली म्हणून सांगितलं, तर आधी विचारतील बादली कुठल्या मापाची आणलीत.”

“तसं नाही,” जावई खिडकीशी बसूनच म्हणाले. “माझंच चुकलं असेल. प्रश्न नीट मांडता आला नसेल.”

त्यांनी तो पुन्हा लिहिला. अधिक सविस्तर, अधिक नम्र. ‘शहाणा एकोणीस’ म्हणाला, हा प्रश्न आहे का नोकरीचा अर्ज? त्याला बावीस लोकांनी अंगठे वर करून दाद दिली. जावई त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. पूर्वी मालकांनी रागावलं तर ते समोरासमोर असायचं, दुपारी तोच मालक चहा पाजायचा. हे म्हणजे अंधारातून कुणीतरी चिमटा काढून पळावं तसं.

मला त्यांचं फार वाईट वाटत होतं. आता खरी गोष्ट सांगते. त्या सगळ्या दंग्यात सर्वांत खाली, फिकट अक्षरांत, एक ओळ आली होती. टोपणनाव ‘कोपऱ्यातला’. कट्ट्यावर त्याला काडीची पत नसावी, कारण त्याची उत्तरं दिसायला शेवटपर्यंत जावं लागायचं. त्यानं एवढंच विचारलं होतं, वयस्कर लोकांच्या फोनवर पाहिलंत का?

जावई स्वयंपाकघरात आले. मी मटार सोलत होते.

“आई, तुम्ही आपलं ते पान उघडलं होतं ना तुमच्या फोनवर? कसं दिसतं?”

“उघडलं होतं की. अगदी छान. स्वच्छ.”

“सगळं नीट दिसतं? तळ कापल्यासारखा वाटत नाही?”

“कुठे हो. तुम्ही उगाच स्वतःला दोष देता. लोकांचे फोनच फुटके असतील.”

मटार बाजूला ठेवून फोन काढून दाखवावा, एवढंही सुचलं नाही मला. त्यांनीही मागितला नाही. छापखान्यात मी ‘ठीक’ म्हटलेला गठ्ठा त्यांनी कधी पुन्हा सोडला नव्हता, मग आज कसा सोडतील? त्यांनी जाऊन उत्तर लिहिलं, पाहिलं, सासूबाईंच्या फोनवर उत्तम चालतं. ‘काटेकोर’नं त्या ओळीवर ‘निकालात’ असा शिक्का मारला. झालं, गठ्ठा बांधला गेला.

मी खोटं बोलले नव्हते. मला जेवढं दिसलं तेवढं मला पुरं वाटलं होतं. अर्धी दिलेली गोष्ट ज्याला अर्धी आहे हे माहीतच नाही, त्याला ती छानच वाटणार. पण जावयाला बरं वाटावं म्हणून त्या ‘छान’वर मी आणखी दोन चमचे साखर घातली होती, तेही खरं.

मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार आला. सिस्टरनं सांगितलं होतं, पाचपर्यंत कळवा, पुढे आम्ही त्या कंपनीला हो म्हणू. रविवारी एक तारीख. सकाळी लेक कामावर निघताना दारात थांबली, कपाटाकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, “जेवून घ्या वेळेवर.” आमच्या घरात यापेक्षा जास्त प्रेम तोंडानं बोलत नाहीत.

दुपारी एक ते तीन दवाखाना बंद असतो. तेवढ्या वेळात जावयांनी शेवटची युक्ती करायची ठरवली. पान म्हणजे आत ठेवलेल्या चौकटी असतात म्हणे, मोठीत लहान, लहानीत आणखी लहान. एरवी त्या दिसत नाहीत. कुठली चौकट कुठवर पसरलीय हे कळावं म्हणून त्यांनी प्रत्येकीला लाल रेघ मारली. टेबलावर तीन फोन ओळीनं मांडले, त्यांचा, लेक सकाळी मुद्दाम ठेवून गेली तो तिचा, आणि पुन्हा मागून आणलेला मास्तरांचा, आणि हनुवटी मुठीवर ठेवून बघत बसले. तीनही फोनवर सगळ्या चौकटी शहाण्यासारख्या बसलेल्या.

मी पलंगावर आडवी झाले होते, झोप येत नव्हती. म्हटलं, आपली सोमवारची वेळ तरी बघावी. हे जाणार असतील तर मला दवाखान्यात कोण नेणार, असलेही विचार डोक्यात. फोन उघडला, तर सगळं पान लाल रेघांचं. मी दचकले, पण क्षणभरच. सव्वीस वर्षं चौकटी बघितलेलं माणूस. हात आपोआप फोन लांब धरायला गेला, ताव धरायचे तसा, आणि नजर अक्षरं सोडून रेघांवर फिरली.

बाहेरच्या चौकटीला चार रेघा. आतलीला तीन. वरची होती, डावी-उजवी होती. त्या दोन्ही रेघा सरळ खाली आल्या आणि फोनच्या कडेशी बुडाल्या. खालची रेघ नव्हती.

छापखान्यात असा ताव आला असता तर मी तो बाजूला काढून वर पाठवला असता, खालून हाक मारली असती, चौकट उघडी आलीय म्हणून. पण हे जावयांचं पान. आज त्यांचा शेवटचा दिवस. अशा वेळी आणखी एक खोट काढायची का, या विचारात मी दोन मिनिटं घालवली. मग वाटलं, हा माणूस नखभर ओळीसाठी मशीन थांबवायचा, याला अपुरी चौकट चालायची नाही. उठले.

“जावईबापू, एक विचारू का? रागावू नका.”

“बोला ना, आई.”

“या आतल्या चौकटीला खालची रेघ मुद्दाम नाही दिली का?”

त्यांनी मान वर न करता सांगितलं, “दिलीय. चारही बाजूंना आहे.”

“माझ्या इथे तीनच आहेत.”

मान वर झाली. त्यांनी माझा फोन हातात घेतला. मग तो टेबलावरच्या तीन फोनांच्या ओळीत चौथा ठेवला. एकेका फोनची खालची कड बोटानं तपासली.

“आई, तुम्ही या पानावर वेळ घेतली होतीत?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “सोमवारची, साडेदहाची. तुम्हाला चकित करायचं होतं.”

“वेळ निवडल्यावर मग खालचं निळं बटण दाबलंत?”

“कुठलं बटण?”

त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. साडेदहाच्या खाली दोन ओळी सोडून एक निळं, लांबोडकं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘वेळ नक्की करा’. मी माझ्या फोनकडे पाहिलं. साडेदहा होते, हिरवेगार, आणि त्यांच्याखाली फोनची कड.

म्हणजे माझी सोमवारची वेळ नव्हतीच. मीही त्याच लोकांतली, छाती ठोकून दवाखान्याच्या दारात भांडायला जाणारी.

“माझ्यामुळे तुमचे किती दिवस गेले,” मी म्हटलं.

ते ऐकतच नव्हते. माझ्या फोनवरची अक्षरं बघत होते. “ही इतकी मोठी कुणी केली?”

“मोठ्या सिस्टरनं. पट्टी काढली त्या दिवशी. घरी जाताना ती सगळ्यांचेच फोन हातात घेते, अक्षरं मोठी करून देते. म्हणते, आता डोळ्यांना त्रास द्यायचा नाही.”

जावई खुर्चीत मागे टेकले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. बाहेरच्या चौकटीची उंची त्यांनी मोजूनमापून ठरवून टाकली होती, लोखंडी चौकटीत खिळे कसतात तशी. छापखान्यात पानाची उंची ठरलेलीच असते, मजकूर वाढला तर मजकूर कापायचा. सवयीनं हात तसाच गेला. आता अक्षरं लहान असली की सगळं त्या उंचीत मावायचं. सिस्टरनं अक्षरं मोठी केली की मजकुराबरोबर आतली चौकट फुगायची, बटण आणि तिची खालची रेघ ढकलली जाऊन बाहेरच्या चौकटीपलीकडे पडायची, आणि चौकटीबाहेरचं झाकायचं असंही त्यांनीच सांगून ठेवलेलं. कट्ट्यावरची सगळी मंडळी धडधाकट डोळ्यांची, त्यांना कुठून दिसणार? आणि डोळ्यांच्या दवाखान्यात येणारा पेशंट, त्याच्या फोनवर अक्षरं मोठी नसतील तर कुणाच्या असतील?

“तुम्हीच म्हणाला होतात, गोठवा,” ते म्हणाले.

“सासूचं सगळंच ऐकायचं नसतं.”

दोन ओळी त्यांनी पुसल्या. दहा मिनिटांचं काम. चौकटीला सांगितलं, बाई, जेवढं आत येईल तेवढी मोठी हो. मग लाल रेघा काढायच्या आधी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी बोटानं पान वर सरकवलं. साडेदहा वर गेले, दोन ओळी आल्या, निळं बटण आलं, आणि त्याच्याखाली इकडून तिकडे लाल रेघ. चौथी.

“चौकट पुरी आहे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“या वेळी स्वतः बघा.”

त्यांनी पाहिलं. सगळ्या फोनांवर, आडवं धरून, उभं धरून. मग मी बटण दाबलं. ‘तुमची वेळ नक्की झाली आहे’ असं आलं. ते वाक्य मी तीनदा वाचलं, वाचायची घाई नव्हती.

तीन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी सिस्टरला फोन लावला. तिकडचं बोलणं मला सोफ्यावर बसून ऐकू येत होतं, इतका तिचा आवाज.

“म्हणजे मी लोकांची सोय करत होते आणि तेच लोक येऊन माझ्याशी भांडत होते?”

“तुमची चूक नाही, सिस्टर. पानानं वाढायला हवं होतं.”

“थांबा, माझ्याकडे आत्ता एक आजोबा बसलेत, त्यांच्या फोनवर बघते.” बराच वेळ नुसती खुडबुड. मग, “दिसलं. निळं ना? दाबलं त्यांनी. आलं यादीत.” आणि पुन्हा, “अहो, पण सोमवारी साडेदहाला हे कोण नाव आलंय? तुमच्या सासूबाई ना?”

त्या कंपनीला ती नाही म्हणून कळवणार होती. पुढच्या आठवड्यात चष्म्याच्या विभागाचं पान कसं करायचं ते बोलायला या, म्हणाली.

लेक घरी आली तेव्हा जावई चहा करत होते. त्यावरूनच तिला कळलं. एरवी आम्ही त्यांना चहा करू देत नाही, पातेल्यातल्या दुधाची साय बरोबर मध्यभागी येईपर्यंत ते थांबून राहतात. तिनं पर्स ठेवली, खुर्ची ओढली, वर चढली आणि कपाटावरची बॅग खाली काढली. शर्ट झटकले.

“इस्त्री मोडली,” एवढंच म्हणाली. पण ते शर्ट हँगरला लावायला तिला फार वेळ लागला, आणि ती पाठमोरीच राहिली.

सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र तिची जीभ सुटली. “म्हणजे अख्ख्या जगाला विचारून झालं, आणि उत्तर स्वयंपाकघरात मटार सोलत होतं.”

“आणि वर ‘छान’ म्हणत होतं,” मी म्हटलं. तिनं बोलायच्या आधी आपणच बोलून टाकलेलं बरं.

जावयांनी भावाला फोन केला. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती. तो म्हणाला, “बरं झालं. तू गोदामात प्रत्येक खोकं सरळ करत बसला असतास आणि बाहेर गाड्यांची रांग लागली असती.”

संध्याकाळी ते पुन्हा त्या कट्ट्यावर गेले. लेक म्हणाली, कशाला, काय दिलं त्यांनी तुम्हाला? ते म्हणाले, उद्या दुसऱ्या कुणाचा तळ कापला गेला तर त्यानं कुठे बघायचं? त्यांनी सगळं नीट लिहिलं, काय झालं, का झालं, कसं सुटलं. शेवटी लिहिलं, ‘कोपऱ्यातला यांचे मनःपूर्वक आभार. त्यांचा प्रश्न योग्य होता, माझं उत्तर चुकीचं होतं.’

चार मिनिटांत ‘काटेकोर’नं आभार कापले. लेकीनं मोजली मिनिटं. पण ‘त्यांचा प्रश्न योग्य होता’ हे वाक्य त्यानं राहू दिलं, ते मजकुरात धरलं असावं. थोड्या वेळानं ‘कोपऱ्यातला’ची एक ओळ आली, तशीच फिकट अक्षरांत. ‘माझ्या आईच्या फोनवर असंच झालं होतं. सासूबाईंना सांगा.’ मला सांगून झालं. मग जावयांनी कॉम्प्युटर मिटला आणि मास्तरांचा फोन परत द्यायला गेले. तिथेच गप्पा मारत बसले तासभर, जे त्यांनी या घरात राहायला आल्यापासून कधी केलं नव्हतं.

सोमवारी दहा वाजता आम्ही दवाखान्यात पोहोचलो. दारात रांग नव्हती. खुर्च्यांवर सात-आठ माणसं, ज्याच्या त्याच्या हातात फोन, फोनवर ही एवढाली अक्षरं. भिंतीवर दिवसाची यादी छापून चिकटवली होती. सकाळच्या नावांत चौथं माझं होतं. मी बोटानं दाखवलं, पण जावई नावाकडे बघतच नव्हते. ते दोन पावलं मागे सरकले, डोकं जरा कलतं केलं, मग पुढे होऊन यादीच्या वरच्या कोपऱ्यातली चिकटपट्टी अलगद सोडवू लागले.

मोठी सिस्टर हातात औषधाची बाटली घेऊन थबकली. “अहो, काय झालं? नावं चुकली का?”

“नावं बरोबर आहेत,” मी म्हटलं. “कागद नखभर तिरका लागलाय.”

“कुणाला दिसणार आहे ते?”

“त्यांना दिसलंय ना,” मी म्हटलं, आणि चष्मा काढून तिच्याबरोबर आत गेले.